पहिली प्रीती

वादाला तोंड फुटलं ते माझ्याच एका वाक्यानं. सिकंदराबादच्या ज्युबिली बस स्थानकावरून निघालेली मेदकची बस शहराच्या गर्दीतून सुटून नरसापूरच्या जंगलाला लागली होती आणि मी मामांना सहज म्हणाले, "हल्ली प्रार्थनेला वेळच मिळत नाही, मामा. पण त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. माझं काम हीच माझी प्रार्थना."

मामा खिडकीबाहेर बघत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं वय, सगळी नोकरी लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यात फिटर म्हणून झालेली. त्यांच्याशी वाद घालणं सोपं नाही, कारण ते आवाज चढवत नाहीत. नट कुठे सैल आहे ते बोटांनी चाचपून बघावं, तसं समोरच्याचं बोलणं चाचपत राहतात.

"काम करताना तू कुणाशी बोलतेस?" त्यांनी विचारलं.

"रुग्णाशी. त्याच्या घरच्यांशी."

"मग त्याला प्रार्थना का म्हणायचं? काम म्हण की. काम हा काय कमी चांगला शब्द आहे?"

मी नर्स आहे. जे बरे होणार नाहीत अशा रुग्णांच्या घरी जाऊन त्यांच्या वेदना कमी करणाऱ्या एका पथकात बारा वर्षं काम करते आहे. त्यामुळे मला राग आला, हे लपवत नाही. मी म्हणाले, "मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला राजा काय सांगतो? भुकेल्याला, आजाऱ्याला, तुरुंगातल्याला जे दिलं ते त्यालाच पोचलं. माणसापर्यंत गेलं की देवापर्यंत गेलं. मध्ये वेगळी पायरी त्यानं ठेवलेली नाही."

"नाही ठेवलेली. पण त्या गोष्टीतल्या लोकांना आपण काय केलं याचा पत्ताही नव्हता. आम्ही तुला कधी जेवू घातलं, असं ते राजालाच उलट विचारतात. आणि तुला?" मामा थांबले. "तुला रोज संध्याकाळी माहीत असतं, आज आपण किती जणांचं केलं."

पुढचा बराच वेळ आम्ही बोललो नाही.

आमच्या घरात हा वाद नवा नाही. आमचं घराणं मूळचं जालन्याकडचं. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती खेडं वसवलं, तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं आणि त्या खेड्याला जमीन मिळाली ती हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून. पुढे मनमाडची रेल्वे जालन्यावरून हैदराबादला येऊन मिळाली आणि त्या रेल्वेच्या नोकरीमागे आमचे पणजोबा इकडे आले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आम्ही मात्र इथेच राहिलो. घरातली प्रार्थना मराठीत, बाजारहाट दखनीत आणि रविवारची उपासना बहुतेक वेळा तेलुगूत, अशी आमची तऱ्हा. भाषा बदलली तरी प्रश्न तोच राहिला. आजी पहाटे चारला उठून गुडघे टेकायची. आजोबा म्हणायचे, आधी शेजारच्या म्हातारीला पाणी भरून दे, मग टेक गुडघे. आजी म्हणायची, गुडघे टेकल्याशिवाय मला ती म्हातारी आठवतच नाही.

मामा आजीवर गेलेत आणि मी आजोबांवर.

जंगल संपताना मीच पुन्हा सुरुवात केली. "शास्त्र्यानं प्रभूला सगळ्यात मोठी आज्ञा विचारली होती. एकच. त्यानं दोन दिल्या. देवावर सर्वस्वानं प्रीती करायची, आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखी. वर हेही सांगितलं की दुसरी पहिलीसारखीच आहे. आणि योहान तर पत्रात सरळ लिहितो, डोळ्यांसमोरच्या भावावर ज्याची प्रीती नाही, त्याची न दिसणाऱ्या देवावर कुठून असणार? मग पहिलं-दुसरं करत बसायचं कशाला?"

"कारण त्यानं केलं," मामा म्हणाले. "पहिली आज्ञा अनुवादाच्या पुस्तकातली, दुसरी लेवीयातली. दोन्ही जुन्याच. नवं काय केलं असेल तर त्या शेजारी आणून ठेवल्या आणि त्यांना क्रम दिला. योहानाचं म्हणशील, तर तो पारख सांगतोय. सोनं कसाला लावून बघतात, पण सोनं कसातून निघत नाही."

"आणि क्रम दिला की त्याचा गैरवापर होतो, हेही त्यालाच माहीत होतं. कुर्बानाची गोष्ट आठवा. आईबापांना जे द्यायचं ते देवाला वाहिलं म्हणून जाहीर केलं, की आईबापांचा हक्क संपला. लोक असं करत होते म्हणून तर प्रभू चिडला. देव पहिला म्हणायचं आणि घरच्यांच्या ताटातलं काढून घ्यायचं. हे त्या काळीच संपलं असं वाटतं तुम्हाला?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, पण उत्तर दिलं नाही. ते का दिलं नाही हे मला दुपारी कळलं.

मेदकला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. कॅथेड्रलच्या आवारात शिरताच देऊळ एकदम अंगावर येतं. शंभर फूट रुंद, दोनशे फूट लांब, आत पाच हजार माणसं मावतील असं सांगतात. चार्ल्स वॉकर पॉस्नेट हा वेस्लियन मिशनरी १८९५ साली सिकंदराबादला आला. छावणीतल्या गोऱ्या सैनिकांत त्याचं मन रमेना, म्हणून तो खेड्यांकडे वळला आणि मेदकला येऊन राहिला. देवळाचं काम १९१४ साली सुरू झालं आणि १९२४ च्या नाताळात, २५ डिसेंबरला, त्याचं समर्पण झालं. या दहा वर्षांत महायुद्ध होऊन गेलं, या मुलखात दुष्काळ पडला. पॉस्नेटनं फुकट धान्य वाटायच्या ऐवजी लोकांना या बांधकामावर घेतलं. दगड वाहणाऱ्याला, माती खणणाऱ्याला भाकरीपुरतं मिळू लागलं.

"हे बघून तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे," मी म्हणाले. "देवासाठी बांधलं आणि माणसं जगली. पण मला दुसरंच दिसतं. दुष्काळात विहिरी खणता आल्या असत्या, तळी बांधता आली असती. रंगीत काचा आणि परदेशी फरश्या कशाला? उपाशी माणसाच्या डोक्यावर दगड देऊन देवाचं घर बांधून घ्यायचं, हे मला पचत नाही."

मामा पायऱ्यांवर बसले. "एका बाईनं प्रभूवर ओतायला सुगंधी तेलाची कुपी फोडली तेव्हा शिष्य हेच म्हणाले. तीनशे दिनार. मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. गरिबांना वाटता आली असती."

"ते खोटं नव्हते बोलत, मामा."

"नव्हतेच बोलत. हिशेब बरोबर होता. पण त्या घरात दोन दिवसांनी मरणार असलेला एक माणूस बसला होता, आणि हे कळलं फक्त तिला. हिशेब करणाऱ्यांना कळलं नाही." ते थोडं थांबले. "विहिरींचं तुझं म्हणणं मला मान्य आहे. पॉस्नेटचा वकील व्हायला मी आलेलो नाही. पण एक सांग, ज्यानं दहा वर्षं इथे दगड वाहिला, ज्याला गावच्या देवळाची पायरीसुद्धा चढू देत नव्हते, तो १९२४ साली नवे कपडे घालून या दारातून आत आला असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल? भाकर पोटात जाते आणि संपते. आणि काही गोष्टी माणसाला नुसत्या भाकरीसाठी जन्मलेला नाहीस असं सांगतात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. माझे रुग्ण ज्या वस्त्यांत राहतात तिथे मी हे पाहिलं आहे. दोन खोल्यांच्या घरात औषधाला पैसे नसतात, पण भिंतीवरच्या कोनाड्यात, मग तो येशूचा असो, मक्केच्या चित्राचा असो की पोचम्मा देवीचा, रोज ताजं फूल असतं. त्या फुलाचे पैसे औषधात घाला, असं मी अजून एकाही घरात म्हणालेले नाही.

आत गेलो. जन्म, वधस्तंभ आणि स्वर्गारोहण अशा तीन खिडक्या. त्यांना दिवा नाही, बाहेरच्या उजेडावरच त्या दिसतात. सूर्य मावळला की चित्रं नाहीशी होतात. आठवड्याचा मधला दिवस असल्यानं गर्दी नव्हती. आम्ही मागच्या बाकावर बसलो आणि मामांनी पिशवीतून पवित्र शास्त्र काढून शेवटचं पुस्तक उघडलं. वाचून दाखवलं नाही, नुसतं बोट ठेवलं. इफिसच्या मंडळीला लिहिलेलं पत्र.

ते पत्र मला लहानपणापासून माहीत आहे, पण त्या दिवशी ते माझ्या नावानं आल्यासारखं वाटलं. त्या मंडळीबद्दल तक्रारीला जागाच नाही. कष्ट आहेत, सहनशीलता आहे, खोट्याची पारख आहे, थकून थांबणं नाही. उणं फक्त एक: पहिली प्रीती सोडली. आणि तेवढ्यावरून दिवाच काढून घेण्याची ताकीद.

"शिक्षा फार मोठी वाटते," मी हळूच म्हणाले. "सगळं तर करत होते."

"तू कधीपासून थकली आहेस?" मामांनी विचारलं.

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी त्यांना अड्डगुट्ट्यातल्या एका वृद्ध रुग्णाबद्दल सांगितलं. पाठीला खोल जखम, एक दिवसाआड पट्टी बदलावी लागते. मी हात लावला की ते शिव्या देतात. घाणेरड्या, माझ्या आईवरून. पहिल्या महिन्यात मला वाईट वाटायचं, दुसऱ्यात राग यायचा. आता काहीच होत नाही. हात त्यांचं काम बिनचूक करतात आणि मी मनात पुढच्या घरचा पत्ता जुळवत असते. नोंदवहीत सगळं ठीक असतं. परवा त्यांच्या सुनेनं विचारलं, आज त्यांचा चेहरा कसा वाटला तुम्हाला? मला आठवेना. अर्धा तास मी त्या खोलीत होते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलंच नव्हतं.

मामा म्हणाले, "हे ऐक, मी तुला दोष देत नाही. माणसावरची प्रीती माणसाकडूनच भरून निघेल अशी आपण आशा धरतो. तो बरा होईल, हसेल, आभार मानेल. तुझ्या कामात कुणी बरं होत नाही. मग ती भरायची कुठून? देवावरची प्रीती पहिली म्हणतात ती एवढ्यासाठी. ती बाकीच्यांशी भांडून पुढे बसत नाही. ती वरच्या हौदासारखी. तिच्यात पाणी असलं तर खालच्या हौदात येतं."

"ऐकायला सोपं आहे. पण त्या पहिल्या प्रीतीची किंमत बहुतेक वेळा दुसराच मोजतो. रेव्हरंड टिळकांचंच बघा."

बाहेर येऊन आम्ही झाडाखाली डबा सोडला आणि बोलणं टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर गेलं. रेव्हरंड टिळकांच्या ओव्या आणि भजनं आमच्या घरात रोज असायची, आणि मी त्यांच्याबद्दल असं बोलावं हे मामांना सोपं नव्हतं. पण मी बोलले. १० फेब्रुवारी १८९५ ला नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. देवाच्या हाकेपुढे त्यांनी जात, गोत, लौकिक सगळं ठेवलं. आणि लक्ष्मीबाई? नवरा जिवंत असून नसल्यासारखा, लहानगा दत्तू पदरात, नातेवाइकांच्या आधारानं काढलेली वर्षं. तो निर्णय तिला विचारून झाला नव्हता. १९०० साली तिनं स्वतः बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या वाटेनं, जात माणसानं केली आहे हे स्वतः उमगल्यावर. तिचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना लोक हसतात, तिच्या विनोदाचं कौतुक करतात. मला त्या वर्षांची पानं वाचताना धाप लागते.

"मामा, टिळकांची देवावरची प्रीती खरी होती, मी शंका घेत नाही. पण सर्वस्व अर्पण करणाऱ्याच्या त्या सर्वस्वात जिती माणसं असतात, आणि ती त्याच्या मालकीची नसतात."

मामांनी हातातला घास खाली ठेवला.

"तुझी मामी टायफॉइडनं पडली होती," ते म्हणाले. "पोरं चार आणि दोन वर्षांची. आमच्या तेव्हाच्या मंडळीच्या वार्षिक सभा होत्या आणि भटारखाना माझ्याकडे होता. आठ दिवस. मी रात्री दोन तास घरी यायचो. तुझी आई जालन्याहून गाडीत बसून आली आणि तिनं सगळं निभावलं. मंडळीत माझी साक्ष झाली, की घरी आजार असून यानं प्रभूचं काम सोडलं नाही. मी उभा राहून ऐकली. मान ताठ करून ऐकली."

मला हे माहीत होतं. आईनं सांगितलं होतं, पण मामांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"सकाळी बसमध्ये तू कुर्बान म्हणालीस ना, ते हेच," ते म्हणाले. "मला कळायला वीस वर्षं लागली. मी तेव्हा देवाला पहिला ठेवलं नव्हतं. देवाच्या कामाला ठेवलं होतं, आणि त्या कामातल्या माझ्या नावाला. त्या आठ दिवसांत मी एकदाही प्रार्थना केली नाही. तीन हजार माणसांचा भात शिजवत होतो, वेळ कुणाला होता?"

सकाळचं माझं वाक्य मला ऐकू आलं. त्यांनी त्याची आठवण करून दिली नाही.

मग मामा बख्तसिंगांबद्दल बोलले. हैदराबादच्या ख्रिस्ती माणसाला गोलकोंडा चौरस्त्यावरचं हेब्रोन, त्यांच्या मंडळीचं केंद्र, माहीत नाही असं होत नाही. पंजाबातले शीख, जन्म १९०३, इंग्लंड-कॅनडात अभियांत्रिकी शिकताना ख्रिस्ती झाले. १९३३ साली मुंबईला उतरले तेव्हा आईवडील भेटायला आले होते. विश्वास मनात ठेव, घरात बोलू नकोस, एवढंच त्यांचं मागणं होतं. बख्तसिंगांनी ते मानलं नाही आणि आईवडील त्यांना तिथेच सोडून परतले. पुढे हैदराबाद हेच त्यांचं घर झालं आणि १७ सप्टेंबर २००० ला इथेच ते वारले. मामा तरुणपणी त्यांच्या सभांना जात. तिथे हजारो माणसं चटयांवर एका पंगतीला बसून जेवायची, माला-मादिगा, रेड्डी, ब्राह्मण, गोरा पाहुणा, सगळे.

"लोक त्या पंगतीबद्दल बोलतात," मामा म्हणाले. "मला आठवते ती तिच्या आधीची उपासना. तास न् तास चालायची, आणि तिच्यात मागणं नसायचं. एकेक जण उठायचा आणि नुसतं देव कसा आहे ते बोलायचा. आभार, स्तुती. काही द्या, काही करा, असं काही नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याजवळ बोलायला दोनच वाक्यं होती. देवाकडे काही न मागता मला त्याच्याशी बोलताच येत नव्हतं. आता मला वाटतं, ती पंगत त्या उपासनेतून आली. इतका वेळ सगळे एकाच्याच तोंडाकडे बघत बसले, की शेजारी कोण बसलाय हे विचारायचं राहून जातं."

"सगळ्यांचं राहून जात नाही," मी म्हणाले. "तासन् तास उपासना करून घरी जाऊन जात बघून सोयरीक करणारे मी ढीगभर पाहिलेत. आपल्याच नात्यात."

"आहेत," मामा म्हणाले. "मी कुठे नाही म्हणतो."

मला पंडिता रमाबाई आठवल्या, आणि या जागी मी मामांच्या बाजूला थोडी सरकले, हे कबूल करायला हवं. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली विधवांसाठी शारदा सदन काढलं. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं जागच्या जागी होतं. पण स्वतःच्या साक्षीत त्यांनी लिहून ठेवलं आहे की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त सापडलेला नाही. एवढं मोठं काम उभं केलेल्या बाईनं हे लिहिलं. दुष्काळातल्या मुली गोळा करायला त्या मध्य प्रांतात गेल्या ते १८९६-९७ साली, म्हणजे या शोधानंतर. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पुढे मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आणि इतक्या पसाऱ्यातून वेळ काढून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, शास्त्राचं मराठी भाषांतर करत राहिल्या, १९२२ साली मरेपर्यंत. दुष्काळ आणि प्लेग पाहिलेल्या बाईला हिब्रू क्रियापदं महत्त्वाची वाटावीत, हे मला पूर्वी कोडं वाटायचं.

"तरी माझा प्रश्न राहतोच," मी म्हणाले. "मामीचं काय? तिनं तुम्हाला माफ केलं?"

"तिनं त्यावर कधी चर्चा केली नाही. शेवटची चार वर्षं ती अंथरुणावर होती तेव्हा मी पहाटे तिच्या खाटेशी शास्त्र घेऊन बसायचो. ती म्हणायची, आधी माझा चहा. मी उठायचो. पहिल्या वर्षी मनात धुसफुस व्हायची, की प्रार्थनेची वेळ मोडते. मग एक दिवस चहा उकळत असताना लक्षात आलं, मी प्रभूशीच बोलतोय. तिच्याबद्दल. तिला आज खोकला कमी आहे, एवढंच." मामांनी डबा बंद केला. "तुला पाहिजे असेल तर म्हण, की माणूस आधी आला. मला तसं वाटत नाही. पण त्या चहावरून मी तुझ्याशी भांडणार नाही."

परतीच्या बसमध्ये मामा झोपले. मी जागी होते. योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवट मनात घोळत होता. तळ्याकाठी कोळशावर मासे भाजलेले, आणि पेत्राला तीनदा एकच प्रश्न, माझ्यावर प्रीती करतोस का? मेंढरं चारायला सांगितलं ते त्या प्रश्नानंतर. मेंढरं आवडतात का, असं त्याला विचारलं नाही. पण मेंढरांना वगळून तो प्रश्न एकदाही विचारला गेलेला नाही, हेही तितकंच खरं, आणि मामा जागे असते तर हे मी त्यांना नक्की सांगितलं असतं.

सोमवारी अड्डगुट्ट्याला गेले. जिन्यात, दाराच्या अलीकडे, मी बॅग खाली ठेवली आणि दोन मिनिटं उभी राहिले. काही मागितलं नाही. मागण्यासारखं पुष्कळ होतं. नुसतं म्हटलं, प्रभू, मी आले आहे. मग दार वाजवलं.

त्या वृद्ध आजोबांनी पट्टीला हात लागताच शिवी दिली. नेहमीचीच. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून शिवीच्या मागून आलेलं वाक्यही मला त्या दिवशी ऐकू आलं: "पानी डालको निकालो बोले तो सुनते नईं तुम."

पट्टी जखमेला चिकटली होती. किती दिवस ते हेच सांगत होते कोण जाणे. मी हात काढला, सलाइनची बाटली उघडली आणि पट्टी पुरती भिजेपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिले.